हलके, घडी होणारे डीजे-पद्धतीचे हेडफोन: ठेवू की परत करू?

मध्यलय:

नमस्कार मंडळी. घरी दोन चॅनेलच्या छोट्या कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडायच्या डीजेच्या पेटीवर) मी मिक्सिंग, म्हणजे एका गाण्यात दुसरं मिसळणं, शिकतोय आणि आता ओळखीच्यांच्या समारंभांत थोडं थोडं वाजवायलाही लागलोय. त्यासाठी डीजे-पद्धतीचे म्हणतात तसे हेडफोन मागवले. हलके आहेत, दोन्ही कप हेडबँडच्या आत दुमडतात आणि घडी केली की लॅपटॉपच्या बॅगेत एका कोपऱ्यात मावतात. कप मागेही फिरतो, म्हणजे एक कान मोकळा ठेवता येतो. केबल गुंडाळीची आणि सुटी होणारी. शिवाय ब्लूटूथ आहे.

खोक्यावरची माहिती अशी: वजन १९० ग्रॅम, ४० मिलिमीटरचे ड्रायव्हर (कपातले छोटे स्पीकर), ३२ ओम, १०५ डेसिबल, ५ ते ३०,००० हर्ट्झ. परत करायची मुदत अजून शिल्लक आहे, म्हणून आत्ताच विचारतोय.

शांत खोलीत ऐकलं तर बेस दणदणीत आहे, मला आवडला. पण बाजूचे स्पीकर चालू केले की हेडफोनमधली किक (मोठ्या ड्रमचा ठोका) पार हरवते. मग मी क्यूचा (पुढचं गाणं आधी फक्त हेडफोनमध्ये ऐकतो त्याचा) आवाज वाढवतो, आणखी वाढवतो, आणि थोड्या वेळाने कान बधिर झाल्यासारखे वाटतात. मी चष्मा लावतो, त्याचा काही संबंध असेल का? दुसरं म्हणजे, उजवा कप उघडताना बिजागरीतून बारीक ‘कट्’ असा आवाज येतो. डावा निमूट उघडतो. वजन कमी म्हणजे माल कच्चा, असं एक मित्र म्हणतो. दुसरा म्हणतो, डीजेला हलकेच हवेत.

नेमकं काय तपासायचं आणि कसं, हे कोणी सांगू शकेल का? आवाज छान वाटतो की नाही, यापलीकडे मला त्यांची परीक्षा घेता येत नाहीये.


पंचम:

माझ्या मते आहेत ते परत करा आणि वर्षानुवर्षं टिकलेल्यांपैकी एक घ्या. सेनहायझर एचडी २५ हा १९८८ पासून बाजारात आहे, सोनी एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून. दोन्ही मुळात डीजेंसाठी बनवलेले नाहीत. प्रसारण, चित्रीकरण, स्टुडिओ असल्या कामांसाठी आले आणि वाजवणाऱ्यांनी उचलले. एचडी २५ केबल सोडून १४० ग्रॅम आहे, म्हणजे तुमच्यापेक्षाही हलका. वजनावरून माल कच्चा ठरत नाही याचा याहून चांगला पुरावा नाही. त्याचा हेडबँड दुभंगतो, एक कप मागे फिरतो, आणि पॅडपासून केबलपर्यंत जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो. पण त्याची घडी होत नाही. घडी हवी तर ७५०६: वजन २३० ग्रॅम, कप आत दुमडतात. त्याची गुंडाळीची केबल मात्र कायमची जोडलेली आहे.

ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत तो हेडफोन मी कामासाठी घेत नाही. माझ्यापुरता विषय तिथेच संपतो.


खर्ज:

मध्यलय, प्रश्न नीट मांडलात, म्हणून उत्तरही सविस्तर देते. मी लाइव्ह साउंड करते. मिक्सरमागे उभं राहायचं, एका कानाला हेडफोन आणि दुसऱ्या कानाला सगळा मंडप, हे माझं काम. डीजेचं काम वेगळं, पण हेडफोनकडे मागणं तेच: बाहेर दणदणाट चालू असताना एक ठरावीक गोष्ट वेगळी ऐकू आली पाहिजे. हेडफोन हातात आला की मी आधी एवढंच बघते. शांत खोलीत तो गोड लागतो का, हे नंतर.

खोक्यावरचे आकडे पटकन उरकू. ५ ते ३०,००० हर्ट्झ यातून काही कळत नाही. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो आणि वरची हद्द वयाबरोबर खाली येत जाते. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सांगितलेलं नसेल तर आकडा नुसता शोभेचा. ४० मिलिमीटरवरूनही प्रत ठरत नाही. १०५ डेसिबल मात्र बघण्यासारखा आहे. पण हे १०५ कशाला? एका मिलिवॉटला की एका व्होल्टला? ३२ ओमच्या हेडफोनला या दोन मापांत १५ डेसिबलचं अंतर पडतं. मिलिवॉटला १०५ असेल तर व्होल्टला १२० होतात, म्हणजे कुठलाही कंट्रोलर तो सहज वाजवेल. तोच आकडा व्होल्टचा असेल, तर यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या कंट्रोलरचं नॉब शेवटपर्यंत फिरवूनही तुम्हाला कमीच वाटेल. आतल्या पत्रकात एकक लिहिलेलं असतं, ते शोधा.

आता तुमच्या हरवणाऱ्या किककडे. चष्म्याचा संबंध आहे, आणि थेट आहे. बंद कपाच्या हेडफोनमध्ये बेस टिकतो तो पॅड कानाभोवती सलग टेकतो म्हणून. चष्म्याची दांडी पॅडखालून गेली की तिच्या वर-खाली बारीक फट राहते आणि तेवढ्यातून खालचे सूर निसटतात. वरचे सूर जवळपास तसेच राहतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला फट जाणवत नाही, नुसता ‘बेस कमी’ वाटतो. तपासायला सोपं आहे. ५० ते ६० हर्ट्झचा सलग सूर लावा, आवाज बेताचा ठेवा, आणि दोन्ही तळहातांनी कप हलकेच आत दाबा. सूर थोडासा वाढला तर ठीक. एकदम फुगून आला, तर पॅड नीट बसतच नाहीये. हेच चष्मा काढून करा, मग चष्मा लावून, मग एरवी केस जसे असतात तसे ठेवून. टोपी घालून वाजवत असाल तर टोपीसकट.

मग काहीही न वाजवता हेडफोन नुसते डोक्यावर चढवा आणि समोर स्पीकरवर गाणं लावा. बाहेरचं काय काय आत येतंय ते ऐका. किक आणि बेसलाइन (गाण्यातली खालच्या सुरांची ओळ) येणारच, ती कुठलाच साधा बंद हेडफोन फारशी अडवत नाही. कपाचं प्लास्टिक, फोम, पॅड हे सगळं वरच्या सुरांना अडवायला उपयोगी पडतं. खालच्यांना अडवायला वस्तुमान लागतं, तेच हलक्या हेडफोनमध्ये कमी असतं. पण गायकाचे शब्द स्पष्ट कळत असतील, हाय-हॅटची (ड्रमसोबतच्या जोडझांजेची) खसखस जशीच्या तशी येत असेल, तर अडवण्याचं काम होत नाहीये असं समजा.

यातूनच एक गोष्ट निघते, ती नवख्यांना कोणी सांगत नाही म्हणून इथे थांबते. बाहेरचा बेस आत येतोच, मग तुमच्या हेडफोनमधला बेस कितीही दणदणीत असला तरी तो बाहेरच्या बेसखाली दडपला जाणार. दोन किक एकमेकींवर पडल्या की कुठली कुठली हे कान सांगू शकत नाही. अशा वेळी ताल पकडता येतो तो किकच्या टोकदार सुरुवातीवरून, टाळीवरून, हाय-हॅटवरून. हे सगळं २,००० ते ५,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असतं. म्हणून कामाच्या हेडफोनमध्ये मी बेसची भरती शोधत नाही, ठोक्याची कड शोधते. किक कानावर ‘धम्म’ अशी पसरते की ‘टप्’ अशी सुरू होते? ज्यात बेस फुगवलेला असतो त्यात ती कड बुजते. घरी ऐकताना तोच तुम्हाला जास्त आवडेल आणि समारंभात तोच दगा देईल. तुम्ही वर्णन केलंत ते मला असंच दिसतंय.

याची परीक्षा घ्यायला एक चांगला उपाय आहे. एकच गाणं दोन्ही डेकवर (कंट्रोलरच्या दोन बाजूंवर) घ्या, वेग १२५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२५ ठोके. सिंक (आपोआप ताल जुळवणं) बंद करा. एका डेकचा वेग १२५.१ करा, दोन्ही अगदी बरोबर जुळवून सोडा. एक डेक स्पीकरवर, दुसरा फक्त हेडफोनमध्ये, एकाच कानाला. दर ठोक्याला दोघांत साधारण ०.४ मिलिसेकंदांचं अंतर पडत जातं, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून थोडं अधिक गेलं की ते ३० मिलिसेकंदांवर पोचतं. एवढ्या अंतराला एक टाळी दोनदा वाजल्यासारखी ऐकू यायला लागते. तुम्हाला ती दुहेरी टाळी कधी ऐकू आली हे बघा. आधी स्पीकर हळू ठेवून, मग समारंभात असतो तितका मोठा करून. हळू असताना लवकर पकडता आलं आणि मोठ्या आवाजात फारच उशिरा, तर कमी पडतोय तो हेडफोन, तुमचा कान नाही. स्पीकर जवळ असू द्या. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे दहा मीटरवरचा स्पीकर स्वतःच २९ मिलिसेकंद उशिरा येईल आणि सगळा हिशेब चुकेल.

एका कानाचं आणखी एक. स्टिरिओ गाणं एकाच कपातून ऐकलं तर दुसऱ्या बाजूला ठेवलेली वाद्यं तुम्हाला ऐकूच येत नाहीत. काही मिक्सरवर आणि काही हेडफोनवर मोनोचं (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करणारं) बटण असतं, ते असेल तर वापरा. आणि एक मोनो आवाज, नुसतं कोणाचं बोलणं चालेल, दोन्ही कानांना लावून बघा. तो कपाळाच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर आधी कंट्रोलरचा बॅलन्स मध्यावर आहे ना ते पाहा, मग हेडफोन उलटे घाला, डावा उजव्या कानाला. झुकाव बाजू बदलून गेला तर खोट हेडफोनमध्ये आहे. त्याच कानाकडे राहिला तर तो कान, किंवा त्या बाजूला पॅड नीट बसत नाहीये.

आता बिजागरी. घडीच्या हेडफोनचा जीव तिच्यातच असतो. माझ्याकडे आलेल्या आणि गेलेल्या घडीच्या हेडफोनांत ड्रायव्हर जळालेला क्वचितच, पण बिजागरी तुटलेले पुष्कळ. कप फिरतो, दुमडतो आणि वर-खाली सरकतो, हे सगळं एकाच लहानशा जागी एकवटलेलं असतं. त्यातून एक कान मोकळा ठेवण्यासाठी आपण कप मागे ढकलतो तेव्हा तिथे पीळ बसतो, जो सरळ डोक्यावर घातल्यावर कधीच बसत नाही. टॉर्च लावून जवळून बघा. खीळ धातूची आहे का? ती दोन्ही बाजूंनी धरलेली आहे की एकाच बाजूने अडकवलेली? खिळीभोवतीच्या प्लास्टिकवर केसाएवढी पांढुरकी रेघ दिसते का? काळ्या प्लास्टिकवर ती चटकन दिसते. नखाने पुसून जात नसेल तर ती धूळ नाही, प्लास्टिक ताणलं गेलंय. स्क्रू दिसत असतील तर बरं, पुढे कोणीतरी उघडून दुरुस्त करू शकेल. नुसतं चिकटवलेलं असेल तर तुटलं की फेकायचं.

आणि वायर. केबल एका कपात जाते, पण आवाज दुसऱ्या कपातही पोचवायचा असतो. त्यासाठी केसासारख्या बारीक तारा हेडबँडमधून, दोन्ही बिजागऱ्या ओलांडून पलीकडे नेलेल्या असतात. सलग सूर चालू ठेवून कप सावकाश दुमडा, उघडा, पूर्ण फिरवा, हेडबँड लांब-आखूड करा. कुठेही चरचर किंवा क्षणभर शांतता आली, तर तार चिमटीत सापडतेय. नव्या हेडफोनला हे होत असेल तर दुसरा विचार न करता परत.

वजनाबद्दल तुमचे दोन्ही मित्र अर्धं अर्धं सांगताहेत. वजन टाळूवर जाणवतं, आवळपणा कानावर. हलका हेडफोन मानेला सुख देतो, पण सैल असेल तर बाहेरचा आवाज अडवणार नाही आणि मान हलवली की घसरेल. घट्ट आणि लहान पॅडचा असेल तर तोच दाब थोड्या जागेवर पडतो आणि कानाची पाळी दुखते. म्हणून घालून सलग तासभर तरी बसा, मध्ये काढायचा नाही. चष्म्याची दांडी कानामागे रुतायला लागते ती साधारण तेवढ्यातच कळते.

केबलला जास्त वेळ देत नाही: सुटी होते हे उत्तम, पण कपातलं भोक खोल आणि अरुंद असेल तर त्याच कंपनीची केबल लागेल, साधी ३.५ मिलिमीटरची आत जाणार नाही. ६.३ मिलिमीटरचा अडॉप्टर आट्यांचा असू द्या, नुसता खोचायचा समारंभाच्या गडबडीत मिक्सरमध्येच अडकून राहतो.

ब्लूटूथ क्यूसाठी विसरून जा. साध्या ब्लूटूथला आवाज पोचायला १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. १२५ बीपीएमला एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा, म्हणजे तुम्ही जवळजवळ तिसरा हिस्सा ते अर्धा ठोका मागे ऐकणार. गाणी निवडायला, प्रवासात ऐकायला वापरा.

कान बधिर होतात हे तुम्ही ओघात लिहून गेलात, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतली नायॉश ही संस्था कामाच्या जागी ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा सांगते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बाहेरचा आवाज न अडवणारा हेडफोन तुम्हाला या शिडीवर वर ढकलत राहतो. तेव्हा पॅड नीट बसणं म्हणजे चांगला बेस एवढंच नाही, त्यावर तुमचे कान अवलंबून आहेत. बधिरपणा आला की त्या दिवशी थांबा. मोकळ्या कानात संगीतकारांसाठी मिळतो तसा इअरप्लग घाला. तो सगळे सूर सारखे कमी करतो, ताल हरवत नाही.


आडताल:

खर्जताईंचं बरंचसं पटलं, ०.१ बीपीएमची परीक्षा तर मीही घेऊन बघणार. दोन ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

एक, बेस इतका दुय्यम नाही. मी बऱ्याच वर्षांपासून हाउस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) वाजवतो. दोन गाण्यांच्या बेसलाइन एकमेकींत भांडताहेत की नाही हे मिक्स करण्याआधी हेडफोनमध्येच कळायला हवं. नुसत्या टाळीवर ताल जुळेल, पण बेसलाइनचे सूर जुळत नसतील तर मजल्यावर नाचणाऱ्यांना ते लगेच बोचतं. बेस फुगवलेला नको हे मान्य. पण कोणता सूर वाजतोय हे ओळखता येईल इतका खोल आणि स्वच्छ हवाच.

दोन, नवे हेडफोन लगेच तपासून निकाल देऊ नये असं मला वाटतं. सुरुवातीला सगळेच आवळतात. मी रात्रभर पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवतो, मग सैल होतात आणि पॅडही मऊ पडतात. कानावर बसणारे लहान पॅड मला सवयीने आवडायला लागले. संपूर्ण कान झाकणारे उन्हाळ्यात कान उकडतात आणि एका कानावर धरायला बोजड वाटतात.

मध्यलय, तुमचे कानावर बसणारे आहेत की कान झाकणारे, ते लिहिलं नाहीत. चष्मेवाल्याला त्याने फार फरक पडतो. कानावर बसणारा पॅड पाळीवर टेकतो, दांडी त्याच्या मागून जाते, फट कमी राहते.


मध्यलय:

सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं सगळं करून बघितलं.

आडताल, माझे कान झाकणारे आहेत, पण कप लहान आहेत. पाळीचा वरचा भाग पॅडखाली येतो.

पत्रकात १०५ डेसिबल एका मिलिवॉटला असंच लिहिलंय, म्हणजे तिथे अडचण नाही. ५० हर्ट्झच्या सुराला मात्र मी थक्क झालो. चष्मा लावून कप दाबले तर सूर केवढा तरी वाढतो, चष्मा काढला की न दाबताही तेवढाच येतो. माझ्या चष्म्याच्या दांड्या रुंद आहेत. काही न वाजवता घातले तेव्हा स्पीकरवरच्या गाण्याचे शब्द ओळ न ओळ कळत होते.

बीपीएमच्या परीक्षेत स्पीकर हळू असताना दुहेरी टाळी साधारण तुम्ही म्हणालात त्याच सुमारास ऐकू आली. आवाज मोठा केल्यावर मात्र ठोके एकमेकांमागे उड्या मारायला लागले तरी मला नीट कळेना. चष्मा काढून केलं तेव्हा थोडं सुधारलं, पुरेसं नाही.

बिजागरीत चरचर काही नाही. पण उजव्या बाजूला खिळीच्या शेजारी बारीक पांढरी रेघ आहे. डाव्या बाजूला नाही. नखाने जात नाही.

आता दोन शंका. एक, बाजारात जाड पॅड मिळतात, ते लावले तर चष्म्याची फट भरेल का? दुसरं, इक्वलायझरने (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीने) किकची कड वाढवून घेता येईल का? कारण घडी, वजन आणि बॅगेत मावणं मला खरंच सोयीचं आहे, सोडवत नाही.


खर्ज:

मध्यलय, एवढं मन लावून तपासलंत हे वाचून फार बरं वाटलं.

आधी आडताल यांच्या मुद्द्यावर. बेसलाइनचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि माझ्या उत्तरात ते राहिलं होतं. खोल बेस आणि फुगवलेला बेस यांतला फरक कळण्यासाठी सावकाश चढत जाणारी बेसलाइन ऐका. प्रत्येक सूर वेगळा आणि सारख्या ताकदीने आला तर स्वच्छ. एकच सूर दरवेळी घुमून पुढे येत असेल तर फुगवलेला. पुस्तकांवर ताणण्याच्या मी विरुद्ध आहे. पॅड वापराने मऊ होऊन चांगले बसतात हे खरं, पण हेडबँड सैल झाला की बाहेरचा आवाज अडवणंही सैल होतं. आवळपणा सोसवतच नसेल तर तो हेडफोन आपल्या डोक्याचा नाही.

जाड पॅड. फट काही प्रमाणात भरेल, विशेषतः हळूहळू दबणाऱ्या फोमचे असतील तर, कारण तो दांडीच्या आकाराभोवती बसतो. पण पॅड जाड झाला की ड्रायव्हर कानापासून लांब जातो आणि कपातली हवेची जागा वाढते. त्याने आवाजाचा तोल बदलतो, आणि कुठल्या बाजूला बदलेल ते लावल्याशिवाय कळत नाही. मखमली कापडाचे पॅड तर घेऊच नका. घामाला बरे, पण कापडातून हवा जाते आणि जे थोडं अडवलं जातंय तेही जाईल. शिवाय तुमचे कप लहान आहेत, पाळी आत्ताच पॅडखाली येते. जाड पॅडच्या आतलं भोक बहुधा आणखी लहान होईल.

इक्वलायझरने फट बुजत नाही. बेस वाढवला तर तो फटीतून निघून जातो आणि ड्रायव्हरवर उगाच ताण येतो. २,००० ते ५,००० हर्ट्झ वाढवले तर टाळी जरूर पुढे येईल, पण कान सर्वात जास्त तिखट असतो तो याच पट्ट्यात, आणि तुमचे कान आधीच थकताहेत. त्यातून बहुतेक मिक्सरांवर क्यूला वेगळा इक्वलायझर नसतो. चॅनेलचा फिरवलात तर तेच पुढे स्पीकरवर जाणार. घरी लॅपटॉपवर जमवाल, दुसऱ्याच्या मिक्सरवर काय कराल?

ती पांढरी रेघ आणि त्याच बाजूचा ‘कट्’ आवाज यांचा संबंध आहे असं मी धरून चालेन. तिथलं प्लास्टिक ताणाखाली आहे. आज सूर तुटत नाही, पण कप मागे ढकलण्याचा पीळ दर वेळी तिथेच बसणार आहे. तेव्हा परत करा. त्याच मॉडेलचा दुसरा मागवू नका, कारण बिजागरी चांगली आली तरी चष्म्याची फट तशीच राहील.

पुढचा घेताना चष्मा लावूनच दुकानात जा, किंवा परत करायची सोय असलेलाच मागवा, आणि पहिल्या पाच मिनिटांत तळहाताने दाबायची परीक्षा घ्या. त्यात नापास झाला तर पुढचं काही तपासायची गरज नाही. आडताल म्हणतात तसे कानावर बसणारेही घालून पाहा. रुंद दांडीला ते काहींना खरंच बरे पडतात, काहींची पाळी तासाभरात दुखते. कान झाकणाऱ्यांत घडीचा हवा असेल तर पंचम यांनी सुचवलेला ७५०६ आहे, त्याचे पॅड पातळ आहेत, दांडीवर कसे टेकतात ते बघावं लागेल. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स हाही दुमडतो, कप ९० अंश फिरतो, केबल फिरवून कुलूप लागते आणि तीन केबल सोबत येतात, त्यांतली एक गुंडाळीची. वजन २८५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या सध्याच्यापेक्षा जवळजवळ शंभर ग्रॅम जास्त. बॅगेत थोडी जागाही जास्त घेईल. पण तुमच्या बाबतीत घडी किती लहान होते यापेक्षा बाहेरचा आवाज किती अडतो, त्यालाच मी वर ठेवेन. दर वेळी कान बधिर करून घेण्याइतकी ती सोय मोठी नाही.

आणि वाजवायला जायच्या दिवसासाठी पातळ दांडीचा चष्मा असेल तर तो लावून दोन्ही परीक्षा पुन्हा घ्या. माझ्याबरोबर काम करणारे काही जण मिक्सरवर असताना तसाच वेगळा चष्मा वापरतात.

परत पाठवताना त्या पांढऱ्या रेघेचा भरपूर उजेडात, जवळून फोटो काढून जोडा आणि डाव्या बाजूचाही शेजारी लावा. नुसतं ‘बिजागरी वाजते’ लिहिलंत तर तपासणारा घडी दोनदा उघडून बघेल, ठीक आहे म्हणेल आणि तोच नग तुमच्याकडे परत येईल.